धाकटीचा हातोडा आणि थोरल्याची बोटं

मी हातोडा बोलतोय. जरा लांब उभे राहून ऐका, कारण मला हातवारे करत बोलायची सवय आहे आणि माझे हातवारे लागतात.

शिक्षण म्हणाल तर बेताचं. शाळेत एकदाच गेलोय, फळा टांगायला. एक खिळा नीट बसवला, दुसऱ्याच्या वेळी गुरुजींच्या अंगठ्याला भेटून आलो आणि तिथेच माझी शाळा सुटली. गुरुजी त्या वेळी जे शब्द बोलले ते मात्र अजून तोंडपाठ आहेत. पुढे तेवढ्यावर सगळं आयुष्य निघालं.

माझा जन्मच मारामारीत झाला. लोखंडाचा तुकडा लालबुंद होईस्तोवर भाजला, दोन आडदांड माणसांनी तो आळीपाळीनं बडवला, पाण्यात बुडवून चर्र केला आणि फिरत्या चाकावर माझं तोंड ठिणग्या उडेस्तोवर घासलं. दांडा आला तो कुऱ्हाडीनं पाडलेल्या झाडाचा. म्हणजे आई आणि बाप दोन्ही बाजूंनी आम्ही मार खाल्लेले. तुम्हाला जन्मल्यावर नर्सनं एक चापटी मारली, तर तुम्ही केवढा गोंधळ घातला होता ते आठवा.

मला विकत घेतलं एका डेंटरनं. डेंटर म्हणजे आपटलेल्या गाड्यांच्या पत्र्यातले पोचे काढणारा. हा गृहस्थ पत्र्याशी माणसासारखा वागायचा आणि माणसांशी पत्र्यासारखा. पुढे त्याचं गॅरेज, मागे त्याचं घर, मधे एक दार. त्याला दोन मुलं. थोरला मुलगा माझा पहिला ठोका ऐकला की दोन्ही कान दाबून आईच्या मागे लपायचा. धाकटी मुलगी खदखदून हसायची आणि म्हणायची, "अजून एक मार की बाबा." बापानं ओळखलं. मोठी झाल्यावर मला तिच्या हातात दिलं. थोरल्याच्या हातात रंग फवारायची गन दिली आणि वर डॉली दिली.

ही डॉली काय चीज आहे ते समजून घ्या, पुढे सगळा राडा तिच्यापायी आहे. डॉली म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा. पोचा काढताना एकानं पत्र्याच्या मागून डॉली दाबून धरायची, दुसऱ्यानं पुढून हाणायचं. मधे पत्रा चिरडतो आणि सरळ होतो. थोरल्याची एक खास पद्धत होती. तो डॉली अंगठ्यानं आणि तळव्यानं दाबायचा आणि बाकीची बोटं पत्र्याच्या काठावरून पुढे काढायचा, पकड घट्ट यावी म्हणून. म्हणजे त्याची बोटं माझ्या तोंडापासून दोन बोटांवर. आणि मी रोज शेकड्यांनी ठोके टाकणार. बाहेरचा माणूस बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. थोरला मात्र शीळ घालत बसायचा. बहीण मारतेय ना, मग झालं.

बाप गेला तोही त्याला शोभेलसाच. जॅक निसटला, गाडी अंगावर आली. त्यानंतरची रडारड मी सांगत नाही, हातोड्याला ते जमत नाही. गॅरेज दोघा भावंडांनी पुढे चालवलं. दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचं, असा कारभार.

मग धाकटीला एक ताप आला. साधा ताप, आठवड्यात गेला. पण जाताना तिच्या आतली कसली तरी चावी खिशात घालून गेला.

हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. तिचा तळहात माझ्या दांड्यावर असतो, तिची नाडी मला दांड्यातून ऐकू येते. ती उकिडवी बसून खालचा पत्रा ठोकत असली की नाडी शहाण्या बाळासारखी चालायची. काम संपवून ती उठली, की तीच नाडी अशी सुटायची जणू पिसाळलेलं कुत्रं मागे लागलंय. हात गार, दांडा घामानं ओला. डोळ्यांसमोर काळं. ती गाडीचा टप धरून उभी राहायची आणि म्हणायची, "काही नाही, उठताना जरा अंधारी आली." गरम पाण्यानं अंघोळ केली की न्हाणीघरात भिंतीला धरून खाली बसायची. दुपारी जेवली की मेंदूत भुसा. डावा दरवाजा खोलायचा तर उजवा खोलून ठेवायची.

एकदा ती उठली आणि सरळ खाली आली. मी तिच्या हातातून सुटलो आणि एका चकचकीत गाडीच्या हेडलाइटमधून आरपार गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. काच फोडायला मला जन्मभर मनाई होती.

गाडीवाला तिथेच उभा होता. तिला उठवायचं सोडून तो ओरडला, "ही पिऊन काम करते काय?"

थोरला रंगाची गन खाली ठेवून आला. "काय म्हणालास?"

"पिऊन आहे म्हणालो. बघ ना कशी पसरलीय."

थोरल्यानं त्याच्या नाकावर एकच ठोसा दिला. मी आयुष्यात पुष्कळ ठोके पाहिले, पण तो ठोका मी मनापासून मानला. मग गाडीवाल्यानं थोरल्याची कॉलर फाडली, थोरल्यानं त्याला टायरच्या चळतीवर ढकललं, चळत दोघांवर कोसळली. धाकटी शुद्धीवर आली तेव्हा दोघं टायरांत अडकून एकमेकांच्या आईची चौकशी करत होते.

गाडीवाला गेल्यावर थोरला तिच्यासमोर उकिडवा बसला. आता त्याच्याही नाकातून रक्त, पण आवाज हळू. "खरं सांग. पितेस?"

धाकटीनं त्याच्या कानाखाली वाजवली. विषय तिथे संपला.

डॉक्टरकडे नेली. गल्लीतला डॉक्टर. त्यानं स्टुलावर बसवलं, नाडी बघितली, दंडाला पट्टा आवळला. बसल्यावर सगळं ठीकच असायचं, ते तर मीही सांगितलं असतं, पण माझ्या तोंडाला एकच आवाज आहे. डॉक्टर म्हणाला, "मनाला लावून घेते फार. अशक्तपणा आहे." दिली गोळी. त्या गोळीनं ती दिवसा पेंगायला लागली. त्या काळातले पोचे आम्ही काढले नाहीत, नवीन घातले.

मग दुसरा, हृदयाचा मोठा डॉक्टर. त्यानं पळणारी नाडी पकडली आणि म्हणाला, "हिला आवरायला पाहिजे." दिली आवरायची गोळी. नाडी आवरली, हे कबूल. माझ्या दांड्यात ती म्हाताऱ्या बैलासारखी चालायला लागली. पण आता ती पडायची ते तोडलेल्या झाडासारखी. आधी काळीज पळून पळून डोक्यापर्यंत रक्त पोचवायची धडपड तरी करत होतं. त्याचेच पाय बांधून टाकले.

ती हे कुणाला सांगत नव्हती. पडली तर कोपऱ्यात पडायची, उठून अंग झटकायची. कारण काम. ठोकणं सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

आता तो दिवस. सकाळी गिऱ्हाइकासमोर ती भावाला बोलली होती, "तुझा रंग पपड्या धरतो, पुन्हा मार." थोरल्याचे कान लाल. दुपारपर्यंत तो तिच्याशी अवाक्षर बोलला नाही, पण डॉली धरायला आला. मडगार्डचा काठ होता. ती खाली बसून अर्धं काम करून उठली आणि उभ्यानं हाणायला लागली. थोरला मागे, बोटं काठावरून पुढे.

मी वर गेलो तेव्हा तिच्या मुठीत होतो. खाली आलो तेव्हा मुठीत कुणी नव्हतं. नुसतं वजन होतं, माझं आणि तिच्या पडणाऱ्या खांद्याचं.

हाड मोडण्याचा आवाज पत्र्यासारखा नसतो. ओली काटकी मोडल्यासारखा असतो. दोन बोटं मोडली, तिसऱ्याचं नख उडालं. मी म्हातारा खोडकर आहे, पण त्याची गंमत मी कधी केली नाही.

थोरला ओरडला, मग मडगार्डला वळसा घालून पुढे आला. बहीण खाली पडलेली. त्याला वाटलं, नाटक. सकाळचा राग काढला आणि आता डोळे मिटून पडलीय. त्यानं तिला डाव्या हातानं दंडाला धरून उचललं, सोडलं. ती पुन्हा पडली. त्यानं ऑइलच्या डब्याला लाथ घातली. "ऊठ, ऊठ म्हणतो ना, नाहीतर तुझीही बोटं फोडतो." त्यानं मला उचललं. खरंच उचललं. मधल्या दारातून आई आली आणि त्याच्या अन् तिच्या मधे बसली.  त्यानं मला भिंतीवर फेकलं. त्या भिंतीचा पोपडा अजून निघालेला आहे, येऊन बघा.

हॉस्पिटलात गेलो ते सगळेच. मी तिच्या कमरेच्या पट्ट्यात होतो, आईनं खोचलेला, गॅरेजमध्ये राहिलो तर थोरला परत येऊन मला विहिरीत टाकेल म्हणून. थोरल्याच्या हाताला प्लास्टर घालत होते आणि धाकटी बाहेर भिंतीशी उभी होती. त्याच्या जवळ जायची तिची हिंमत नव्हती आणि बसायला जागा नव्हती. उभ्या उभ्या तिची पावलं जांभळी झाली. तिथून एक डॉक्टरीणबाई चालल्या होत्या. त्यांचं लक्ष पावलांवर गेलं.

"किती वेळ उभी आहेस?"

"भावाला आत नेल्यापासून," धाकटी म्हणाली आणि त्यांच्या अंगावर पडली. बाईंचा चष्मा फुटला. धाकटीचं आजवरचं हे सगळ्यात उपयोगी पडणं.

बाईंनी तिला आत नेऊन झोपवलं, पट्टा आवळला, आकडा लिहिला. मग उभं केलं, लगेच मोजलं. तसंच उभं ठेवून पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. आकडे ऐकून आईनं पदर तोंडाला लावला. बाईंनी गुडघ्यावर एक छोटा रबरी हातोडाही मारला. माझा हा शिकलेला चुलत भाऊ. मारतो तर लागत नाही, आणि लोक त्यालाच पगार देतात.

बाई म्हणाल्या, "हे ढोंग नाही आणि मनाचंही नाही. आपण न सांगता शरीर जी कामं करतं ना, नाडी, घाम, रक्ताचा दाब, ती सांभाळणारी व्यवस्था हिची बिघडलीय. डिसऑटोनोमिया म्हणतात. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं. पायातल्या शिरांनी आवळून ते वर ढकलायचं असतं. हिच्या शिरा आवळतच नाहीत."

"म्हणजे पाइप सैल पडलेत," धाकटी म्हणाली.

"असंच समज. ती नाडी आवरायची गोळी बंद. ही दुसरी घे, शिरा आवळणारी. पाणी भरपूर, मीठ जास्त, पायात घट्ट मोजे. गोळीनं डोक्यात मुंग्या येतील, घाबरायचं नाही. आणि नीट ऐका, गोळी घेतल्यावर चार तास आडवं पडायचं नाही. आवळलेल्या शिरा आणि आडवं अंग, दाब भलताच वर चढतो."

धाकटीच्या डोक्यात त्या वेळी पुन्हा भुसा भरला होता. ती मान डोलवत होती, ऐकत नव्हती. बाईंनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सगळं ध्यानात आहे माझ्या. मी आहे ना."

आई होती, हाच तर घोटाळा झाला.

घरी एकाच खोलीत दोन खाटा. एकीवर धाकटी, दुसरीवर प्लास्टरवाला थोरला. धाकटीनं मला उशीखाली ठेवलेलं. भाऊ बहिणीशी बोलायचा नाही, वस्तू फेकायचा. उशी, पेला, एकदा चप्पल. ती परत फेकायची. आई मधून वाकून ये-जा करायची.

आणि रोज सकाळी आई तिला गोळी द्यायची, वर पाणी द्यायची आणि म्हणायची, "घेतलीस ना? आता पड निवांत. औषध अंगी लागू दे."

मी उशीखालून ओरडत होतो. म्हणजे मनातल्या मनात. उचलून कुणी आपटल्याशिवाय मला बोलता येत नाही, ही आमच्या जातीची अडचण आहे. या माउलीनं डॉक्टरीणबाईंचं एकूण एक वाक्य ऐकलं होतं. पण आजारी माणसानं औषध घेऊन पडायचं नाही हे तिच्या बुद्धीला पटेना. नवऱ्याला तिनं तसंच बरं केलं होतं, दोन्ही पोरांना तसंच वाढवलं होतं. तिला वाटलं, बाई बोलण्याच्या ओघात उलटं बोलून गेल्या असतील.

गोळी घेऊन धाकटी पडली की थोड्या वेळानं तिच्या कानशिलांत घण सुरू व्हायचे. माझ्यापेक्षा मोठे घण. डोकं फुटतंय म्हणून ती भिंतीवर मुठी आपटायची, ओकायची. गोळीचा जोर ओसरला की उठायची, आणि उठली की पडायची. दोन्हीकडून मार.

थोरला एका सकाळी बोलला. तिच्याशी नाही, छताशी. "विष देतायत तिला. बंद करा ते. आणि ऐका, हात बरा झाला की मी बाहेरचा डेंटर आणणार. ही पुन्हा हातोडा धरणार नाही."

"मी धरणार," धाकटी म्हणाली.

"माझी बोटं फोडायला?"

"दादा, मी मुद्दाम नाही रे मारलं."

"मग कसं मारलंस? पुढचा ठोका कुणाचा, तुझा की तुझ्या आजाराचा, हे मला मागच्या बाजूनं कसं कळायचं? सांग ना."

  त्याचा राग आता मुद्दाम मारल्याचा राहिलाच नव्हता.

ती तोंड धुवायला गेली तेवढ्यात त्यानं उशीखालून मला काढलं आणि मधल्या दारानं निघाला. गल्लीच्या टोकाला भंगारवाला. तिथे आमच्यासारख्यांना एका ढिगात टाकतात आणि मग वितळवतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांना धाक दाखवला, त्या दिवशी माझा दांडा ढिला पडला.

धाकटी परत आली. आईनं तिच्या हातावर गोळी ठेवली, तिनं गिळली, आई म्हणाली, "पड." तिनं उशी उचलली. मी नव्हतो.

ती पडली नाही. पायात मोजे, अंगात झोपायचे कपडे, अशी गल्लीतून धावत सुटली. धावली म्हणजे काय, अर्ध्यात एका ओट्यावर बसली, धापा टाकल्या, पुन्हा उठली. भंगारवाल्यानं मला तराजूत ठेवलं होतं. तिनं थोरल्याच्या चांगल्या हाताला कडकडून चावा घेतला. त्यानं तिला केसांना धरून ओढलं. तिनं डोक्यानं त्याच्या पोटात ढुशी दिली. तो प्लास्टरचा हात वर धरून लोखंडात बसला, पाती, सळया, जुने नट यांच्यामधे, आणि त्या हातानंच तिच्या पाठीत एक घातला. भंगारवाला म्हणाला, "घरचं भांडण घरी करा, माझा तराजू हलतोय."

तिनं मला तराजूतून उचललं आणि गॅरेज गाठलं. अपघाताच्या दिवसापासून ते मडगार्ड तसंच अर्धं पडून होतं. तिनं दुसरा कुणी नाही म्हणून डॉलीला लाकडाचा टेकू दिला आणि हाणायला लागली. रागानं. असे ठोके की छपरावरची कबुतरं उडाली. ठण्, ठण्, ठण्. थोरला मागोमाग येऊन दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. प्लास्टर असल्यानं घडी नीट होईना.

तो वाट बघत होता, ती कधी पडते त्याची. मीही बघत होतो.

ती खाली बसली, ठोकलं. उठली. दांड्यातून मी नाडी ऐकली. पळाली, पण आली लगेच ठिकाणावर. कुत्रं मागे लागलं नाही. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. मधेच थांबून तिनं माझ्या दांड्यानं डोकं खाजवलं. कराकरा खाजवलं. मुंग्या आल्या होत्या, बाई म्हणाल्या तशाच. पुन्हा हाणायला लागली. ऊन दारातून आत सरकलं तरी ती उभीच.

थोरल्याची घडी सुटली. "धाकटे."

"काय?"

"आज काय घेतलंयस?"

"तीच गोळी. तुझं विष."

"मग पडली का नाहीस अजून? डोकं दुखतंय?"

"नाही."

"रोज तर भिंती फोडतेस."

तिनं मला खाली केलं. तिलाही तेव्हाच लक्षात आलं. "रोज मी गोळी घेऊन झोपते. आज झोपायला वेळ कुठे दिलास, मुडद्या?"

आई मधल्या दारात उभी होती, पोरीला शोधत आलेली. दोघांनी एकदम तिच्याकडे वळून पाहिलं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"आई, बाई झोपण्याबद्दल काही म्हणाल्या होत्या?" धाकटीनं विचारलं.

"म्हणाल्या होत्या काहीतरी. पडायचं नाही असं."

"मग?"

"अगं, आजारी माणसानं पडायचं नाही तर काय करायचं? मला वाटलं, ती डॉक्टरीण लहान आहे वयानं, चुकून बोलली असेल."

थोरला आधी हसला, मग त्यानं शेजारची बादली उचलून अंगणात भिरकावली, मग पुन्हा हसला. धाकटी हसली नाही. ती आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, मी हातात तसाच. आई दचकून म्हणाली, "अगं, तो हातोडा आधी खाली ठेव."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. गोळीच्या वेळा बांधून दिल्या, शेवटची संध्याकाळ व्हायच्या आत. एक-दोनदा मात्रा बदलली. एका मात्रेनं अंगावर काटा यायचा, एकीनं काहीच व्हायचं नाही, तिसरी बसली. बरी झाली असं समजू नका. उकाड्याच्या दिवशी ती अजून भिंत शोधते. पोटभर जेवली की उभ्याचं काम करत नाही. मिठाचं पाणी पिताना असं तोंड करते की गिऱ्हाईक घाबरतं. पण आपण कधी पडणार हे आता तिला आधी कळतं, आणि कळलं की ती मला खाली ठेवून जमिनीवर बसते, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

थोरल्याचं प्लास्टर निघालं. दोन बोटं वाकडीच जुळली. रंगाची गन तो त्याच बोटांनी धरतो, पण डॉली धरायला काही आला नाही. धाकटी टेकूवर काम करायची. टेकूला काय कळतंय, ठोका कुठे पडणार. पत्रा सरळ व्हायचा पण हात फिरवला की लाटा लागायच्या. ती काही बोलायची नाही. थोरला रंग मारताना त्या लाटांवरून हात फिरवायचा आणि तोही काही बोलायचा नाही. शिव्यासुद्धा नाहीत. त्या गॅरेजात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मग परवा एक दरवाजा आला. काठ आत दुमडलेला, टेकूवर होण्यासारखा नाही. थोरल्यानं तो पाहिला. गन खाली ठेवली.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"कधी?"

"मघाशी. उभीच आहे तेव्हापासून."

"बस खाली. आता ऊठ." त्यानं त्या वाकड्या बोटांनी तिचं मनगट धरलं, ओठ हलवत मोजलं. "पुन्हा बस. ऊठ. पुन्हा."

"दादा, मी काय सर्कशीतली आहे?"

"गप्प ऊठ."

मोजून झाल्यावर तो पत्र्याच्या मागे गेला. डॉली दाबली. आणि काठावरून बोटं पुढे आली. वाकडी दोन आणि नख नसलेलं एक.

धाकटीनं मला वर उचललं आणि मी वरच राहिलो.  नाडी पळत होती, पण हे ते पळणं नव्हतं. मला दोन्हीतला फरक कळतो. ही घाबरली होती.

"बोटं आत घे," ती म्हणाली.

"पकड येत नाही मग."

"दादा, आत घे ना."

"मार."

"मला नाही जमत."

"माझी पाठ भरून आलीय इथे वाकून. बाबांनी मला ही डॉली कशाला दिली, माहीत आहे? मी कान झाकायचो म्हणून. हात अडकले की कान झाकता येत नाहीत. तेव्हापासून तुझ्या ठोक्याखाली बसलोय. मार आता, नाहीतर मी रंगातला थिनर पितो आणि तुझं नाव लिहून ठेवतो."

तिनं श्वास घेतला. पाय फाकवून रोवले. मूठ आवळली, इतकी की माझा दांडा करकरला.

मी खाली आलो. बोटांपासून दोन बोटांवर, पत्र्यावर, बरोब्बर. ठण्.

मागून थोरला म्हणाला, "काय गं, जेवली नाहीस काय आज? जोरात मार."

तर वाचकहो, मला फार वेळ नाही, माझी धाकटी थांबलीय. एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी उभं राहता राहता पडत असेल, तर त्याला ढोंगी म्हणण्याआधी उभं करून मोजा, आणि डॉक्टर सांगतील ते जसंच्या तसं करा, आपली अक्कल त्यात कालवू नका. नाही ऐकलंत तर मी येईन समजवायला. मला शब्द एकच येतो, पण तो सगळ्यांना कळतो.